पुरेसं कारण

मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण आमच्या गल्लीत मी मेजर. कोल्हापूर जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. सकाळी टेंबलाईच्या टेकडीवर फिरायला गेलो की भरतीची तयारी करणारी पोरं धापा टाकत शेजारून जातात आणि "राम राम मेजर" म्हणतात. त्यातलाच एक, आमच्या शेजारचा, गेल्या आठवड्यात थांबला. गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "मेजर, तुम्ही मिलिटरीत सीआयडी होता म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"आई म्हणत्या. म्हणजे खून-बिन झाला की तुम्ही जायचा व्हय?"

त्याला म्हटलं, आधी तुझा राऊंड पूर्ण कर. पण घरी येऊन चहा पिताना तेच डोक्यात फिरत राहिलं. बायकोलासुद्धा मी नेमकं काय करायचो हे नीट माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून हे लिहितोय.

आमची कोअर मिलिटरी पोलिसांची. लाल टोपी, दंडावर काळी पट्टी, तिच्यावर लाल अक्षरात 'एमपी'. सेंटर बेंगळुरूला. ब्रीद 'सेवा तथा सहायता', पण जवानाला आम्ही दिसलो की सेवा आठवत नाही, आपले केस वाढलेत का ते आठवतं. लाल टोपी बघून रस्ता बदलणारे मी चोवीस वर्षं बघितले. रहदारी, शिस्त, व्हीआयपीच्या पुढं मोटरसायकल, लढाईत कैद्यांची व्यवस्था, ही सगळी आमचीच कामं. मोटरसायकलवर मनोरे रचणारी 'श्वेत अश्व' टीमही आमचीच. माझी मात्र शेवटची नऊ-दहा वर्षं तपासाच्या कामात गेली. त्यात मोटरसायकल कमी आणि कार्बन पेपर जास्त.

खून माझ्या वाट्याला एकही आला नाही. आलं ते असं: बराकीतून गेलेला मोबाइल, कॅन्टीनच्या रमच्या पेट्यांचा न जुळणारा हिशोब, रजा वाढवायला जोडलेलं खोटं डॉक्टरचं सर्टिफिकेट, लंगरात दोन स्वयंपाक्यांची झालेली मारामारी (कारण पुऱ्या), बाजारात सिव्हिलियन माणसाला धडकलेली जिप्सी. आणि डिझेल. डिझेल तर कायमच. फॅमिली क्वार्टरमधली भानगड असली की आमची मोठी पंचाईत व्हायची, बाईमाणसाला चार पुरुषांनी काय आणि कसं विचारायचं? आता बरं झालंय. ८३ जणींची पहिली तुकडी ८ मे २०२१ ला बेंगळुरूच्या सेंटरमधून शपथ घेऊन बाहेर पडली. टेकडीवर पळणाऱ्या पोरीही मला विचारतात, त्यांना मी हेच सांगतो.

खुनाचं म्हणाल, तर आर्मी ॲक्ट १९५० चा. त्याच्या कलम ६९ मुळं देशाच्या नेहमीच्या कायद्यातला गुन्हाही कोर्ट मार्शलसमोर चालवता येतो. पण कलम ७० सांगतं की फौजी कायद्याखाली नसलेल्या माणसाचा खून केला, बलात्कार केला, तर तो खटला कोर्ट मार्शलकडं नाही, सिव्हिल कोर्टाकडं, म्हणजे बाहेरच्या नेहमीच्या फौजदारी कोर्टाकडं. अपवाद ॲक्टिव्ह सर्व्हिसचा (म्हणजे शत्रूविरुद्धच्या कामगिरीवर असतानाचा), देशाबाहेरचा आणि सरकारनं ठरवलेल्या सरहद्दीवरच्या ठाण्यांचा. दोन्हीकडं चालू शकेल असा गुन्हा असला तर आधी कुणी चालवायचा हे वरचे अधिकारी ठरवतात. छावणीच्या कुंपणाच्या आत काहीही घडलं तरी सिव्हिल पोलीस आत येत नाहीत, असा समज आपल्याकडं फार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये भटिंड्याच्या छावणीत चार जवान गोळ्या लागून मेले, तेव्हा एफआयआर तिथल्या पोलीस ठाण्यात झाला आणि अटक पंजाब पोलिसांनी केली.

आमचा अधिकार कलम १०७ मध्ये आहे. तो मला अजून पाठ आहे, कारण उस्तादानं तो पळत पळत म्हणायला लावला होता. गुन्हा करणाऱ्या कुठल्याही जवानाला पकडू शकता. अधिकाऱ्याला मात्र दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय हात लावता येत नाही. आणि स्वतःच्या मर्जीनं कुणालाही शिक्षा करता येत नाही. शेवटचं वाक्य संपलं की उस्ताद थांबवायचा आणि म्हणायचा, "फिर से बोल." तेवढं एकच वाक्य परत.

आता त्या पोराला जे सांगायचं होतं त्याकडं येतो.

जवान न सांगता गेला, किंवा रजेवरून परत आला नाही आणि ३० दिवस झाले, की युनिटला कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे खात्यातली चौकशी, बसवावी लागते. माणूस कुठं गेला हे तर बघतातच, पण त्याच्याकडं सोपवलेलं सरकारी सामान पुरं आहे का, हेही बघायचं असतं. म्हणजे त्याची काळी ट्रंक उघडायची. दोन साक्षीदार समोर, एकजण वस्तू उचलून नाव घेतो, एकजण लिहितो. मेस टिन, एक. कंबल, दोन असायला पाहिजेत, एकच आहे. मोजे, जोड तीन. मग तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं असतं आणि त्याच्याखाली जे असतं ते यादीत बसत नाही. आईचा फोटो. सोसायटीच्या कर्जाची नोटीस. एकदा एका ट्रंकेत लहान पोरीचा एकच पैंजण होता. लिहिणारा म्हणाला, "ये कौन से कॉलम में?" कुणी काही बोललं नाही. मी तो कागदात गुंडाळून परत ठेवला.

ज्या पोराच्या ट्रंकेत नोटीस होती, त्याला आणायला मी स्वतः गेलो होतो. असा माणूस पळाला की युनिट त्याच्या गावच्या पोलिसांना लेखी कळवतं. पोलीस धरतात, मग आमचे लोक जाऊन ताब्यात घेतात. हा सापडला शेतात. ऊस तोडत होता, दुसऱ्याचा. ठाण्यात मला बघून उभा राहिला आणि सावधान झाला. अंगात गंजी, पायात चप्पल, आणि सावधान.

कायद्यात पळून जाणं आणि रजा उलटूनही न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ३८ आणि कलम ३९. ३८ ला ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. ३९ ला तीन वर्षांपर्यंत. आणि ३९ मध्ये रजा उलटण्याबद्दल जे वाक्य आहे त्यात तीन शब्द आहेत, त्यांचा मराठीत अर्थ 'पुरेशा कारणाशिवाय'. माझी नऊ-दहा वर्षं त्या शब्दांत गेली असं म्हटलं तरी चालेल. माणूस आला नाही, हे तर कुणीही सांगेल, हजेरीपटच सांगतो. कारण होतं का, आणि ते पुरेसं होतं का, हे कुणीतरी जाऊन बघून लिहून आणायचं असतं. ऊस तोडणाऱ्याचं मी लिहून आणलं होतं, नोटिशीच्या नकलेसकट. पुढं साहेब लोकांनी काय धरलं आणि काय सोडलं, तो माझा भाग नव्हता.

आता डिझेल. २०११ च्या पावसाळ्यातलं हे. छावणी उत्तरेकडची, नाव नको. एका युनिटच्या साठ्यात तीन महिन्यांत २०० लिटरच्या आसपास कमी भरलं. संशय एका स्टॅलियनच्या, म्हणजे फौजी ट्रकच्या, ड्रायव्हरवर, कारण त्याच्या कार डायरीत (गाडीच्या फेऱ्यांच्या वहीत) एका रात्रीची ९२ किलोमीटरची फेरी होती, रेल्वे स्टेशनला जाऊन-येऊन. आणि छावणीच्या गेटवरच्या आमच्या पोस्टच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री ती गाडी बाहेर पडल्याची नोंदच नव्हती. म्हणजे गाडी जागची हलली नाही, डायरीत किलोमीटर लिहिले आणि २५-एक लिटर विकलं. मला दोन दिवस लागले. रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल, कार डायरीची नक्कल, डिप रॉडनं मोजलेल्या साठ्याचा तक्ता, सगळं टाचून मी वर दिलं. खूश होतो. सुबेदार साहेब "शाब्बास" म्हणाले, ते सहसा म्हणत नसत.

इथं एक सांगायला पाहिजे. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा कागद कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालत नाही. तो कमांडिंग ऑफिसरला काय झालं ते कळावं म्हणून असतो. खटला भरायचा असला तर सगळं नव्यानं लिहून घ्यावं लागतं, त्याला समरी ऑफ एव्हिडन्स म्हणतात. एक अधिकारी बसतो, साक्षीदार एकेक करून येतात आणि ज्याच्यावर आरोप आहे तो समोर बसून सगळं ऐकतो. तो प्रत्येक साक्षीदाराला प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर लिहून घ्यावंच लागतं. शेवटी त्याला बजावून सांगतात की तुला काही बोलायचं बंधन नाही, पण बोललास तर ते लिहिलं जाईल आणि पुराव्यात वापरलं जाऊ शकेल. सिव्हिल पोलिसांत तपास करणारा हवालदार आणि आरोपी असे टेबलाच्या दोन बाजूंना बसून आरोपीच हवालदाराला प्रश्न विचारतोय, हे तुम्ही कधी बघितलंय का? मी बसलोय.

ड्रायव्हर बारीक अंगाचा, बिहारचा. माझी साक्ष तासभर चालली. मी पानं, तारखा, आकडे सगळं तोंडपाठ सांगितलं. साहेबांनी त्याला विचारलं, "कुछ पूछना है?" त्यानं एकच विचारलं.

"हवालदार साहब, उस रात पोस्ट पे बत्ती थी क्या?"

मी म्हणालो, माहीत नाही. तेच लिहिलं गेलं.

संध्याकाळी मूळ रजिस्टर परत काढून बसलो. त्या रात्री जोरदार पाऊस होता, हे सगळ्यांनाच आठवत होतं. उघड्या खिडकीची पोस्ट, आत-बाहेर करणारा संत्री, ओले हात. मागच्या-पुढच्या प्रत्येक पावसाळी रात्रीच्या पानावर शाई फुटलेली, अंगठ्याचे डाग. आणि हे पान कोरडं. रात्री १० पासून पहाटे ५ पर्यंतच्या अकरा गाड्या, एकाच पेननं, एकाच तिरकेपणानं, जशी शाळेत शुद्धलेखनाची वही. सकाळी उजाडल्यावर आठवून आठवून एका बैठकीत लिहिलेलं. मी त्या पानाची नक्कल काढली होती, पान बघितलंच नव्हतं. आमच्याच लोकांनी लिहिलेलं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरच्या आमच्या मूव्हमेंट कंट्रोलच्या कचेरीत गेलो. तिथल्या वहीत स्टॅलियनचा नंबर होता, वेळ रात्री ११:४०, सामान उतरवल्याची सही. पहिल्याच दिवशी गेलो असतो तर तासाभराचं काम होतं.

त्या रात्री पोस्टवर जो नाईक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) होता तो माझा ग्राईं. ग्राईं म्हणजे गाववाला, फौजेत हा शब्द पंजाब्यांकडून आलाय आणि सगळ्यांनी घेतलाय. भुदरगड तालुक्यातला, माझ्या गावापासून त्याचं गाव आठ किलोमीटर. आम्ही एकाच गाडीनं रजेवर यायचो, मिरजेला उतरून एकाच एसटीत बसायचो. त्याच्या घरचा तांबडा रस्सा मी खाल्लाय आणि माझ्या लग्नात तो पंगतीत वाढायला होता. मी सुबेदार साहेबांना म्हटलं, याचं बयान दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "यहाँ कौन किसका ग्राईं नहीं है?"

बयान मी घेतलं. चार पानं. बत्ती गेली होती, कंदिलात तेल नव्हतं, दोन दिवस आधी मागितलं होतं, मिळालं नव्हतं, टॉर्चचे सेल संपलेले. त्यानं गाड्या सोडल्या आणि सकाळी आठवतील तशा लिहिल्या. एक राहिली. मी विचारत होतो, तो सांगत होता, मी लिहीत होतो, आणि पूर्ण वेळ आम्ही दोघं हिंदीत बोलत होतो. मराठी एक शब्द नाही. शेवटी सही करताना त्यानं विचारलं, "हो गया, हवालदार साहब?" आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला साहब म्हटलं.

ड्रायव्हरवरचा आरोप टिकला नाही. माझ्या ग्राईंला खोट्या नोंदीबद्दल सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद मिळाली, आणि कंडक्ट शीटवर लाल शाई. लाल शाईनं प्रमोशन अडतं, त्याचंही अडलं. तो नाईक म्हणूनच पेन्शनवर आला. आणि बाकीचं डिझेल? ते शोधण्याआधी माझी बदली झाली. कुणी घेतलं, मला आजतागायत माहीत नाही.

या कामात खरी अडचण ही आहे. ज्याची चौकशी करायची त्याच्याबरोबर आपण एकाच लंगरात जेवतो. अमेरिकेच्या आर्मीत तपासाची स्वतंत्र सीआयडी आहे, फोर्ट हूड तळावरच्या एका महिला सैनिकाच्या खुनाच्या प्रकरणानंतर तिच्यावर खूप टीका झाली आणि २०२१ मध्ये तिच्या डोक्यावर सिव्हिलियन डायरेक्टर बसवला. वर्दीतल्याचा तपास वर्दीतल्यानंच करावा का, हा वाद तिकडंही आहे. माझं मत विचाराल तर वर्दीतल्यानं करावा, कारण कार डायरी कशी लिहितात आणि कंदिलाचं तेल कुणाकडं मागतात हे बाहेरच्याला समजायला वर्ष जाईल. पण न्याय द्यायला बसणारा माणूस तरी वेगळा हवा. १९८७ चा रणजीत ठाकूरचा निकाल मी रिटायर झाल्यावर एका वकील मित्राकडं वाचला. या जवानानं एका अधिकाऱ्याविरुद्ध थेट वर तक्रार केली म्हणून त्याला २८ दिवसांची शिक्षा झाली. ती भोगताना त्यानं जेवायला नकार दिला. झालं, हुकूम मोडला म्हणून समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष कैद आणि नोकरीतून बडतर्फ. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्या कोर्टात बसलेला. सुप्रीम कोर्टानं सगळं रद्द केलं. जेवला नाही म्हणून एक वर्ष! वाचताना मला आमच्या पुऱ्यांच्या मारामारीची आठवण झाली आणि हसू येता येता थांबलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी घरी आलो. ऑगस्टमध्ये पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, बेंगळुरूकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग कुठवर गेली होती ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. त्या दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या एका बाईचा फोन आला, कुणीतरी माझा नंबर दिलेला. पोरगा आसाममध्ये, रजेवर आलेला, रजा ८ तारखेला संपली. पोरगा घराच्या माळ्यावर, चहूकडं पाणी, त्याचा फोन भिजून बंद. बाई रडत होती ती पाण्यासाठी नाही. भावकीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की आता पोलीस येऊन त्याला भगोडा म्हणून धरून नेणार.

"मेजर, त्याला जेल हुईल का हो?"

मी म्हटलं, "वहिनी, पोरगं जिवंत हाय न्हवं? मग रडू नका. त्याला बोटीतून बाहेर काढलं की आधी माझ्याकडं पाठवा."

पाचव्या दिवशी आला. दाढी वाढलेली, पायाला चिखल्या झालेल्या. मी त्याच्याकडून पहिल्यांदा युनिटच्या ऑफिसला फोन करवला. मग तलाठ्याकडून आणि तहसीलदाराकडून गाव पाण्यात असल्याचा दाखला, पाणी कधी आलं आणि कधी बोट मिळाली त्या तारखांसकट. कोल्हापुरातल्या लष्करी कचेरीत हजेरी लावून तिथून युनिटला कळवलं. वर्तमानपत्राची कात्रणं जोडली. तो म्हणाला, "काका, एवढं कशाला? सगळ्या देशाला म्हाईत हाय पूर आलाय ते." म्हटलं, तुझ्या कंपनी क्लार्कला तारीख माहीत नाही. नंतर त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची ट्रंक गच्चीवर उघडी पडली होती. वर्दी, कंबल, बूट, सगळं चिखलानं भरलेलं, उन्हात ओळीनं मांडलेलं. सवयीनं मी मोजायला लागलो. दोन कंबल. मोजे, जोड तीन. त्याला सांगितलं, हे खराब झालंय तेही लिहून घे, नाहीतर तिथं गेल्यावर भरपाई कापतील.

त्याची रजा वाढवून धरली गेली. शिक्षा काही झाली नाही.

ग्राईं आणि मी त्या बयानानंतर बारा-तेरा वर्षं बोललो नाही. भांडण नव्हतं, पण एसटीत दिसलो तर तो मागच्या सीटवर जाऊन बसायचा. यंदा मे महिन्यात गारगोटीला एका लग्नात पंगतीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. जागा तेवढीच होती म्हणून असेल. जिलेबी येऊन गेली, भात आला. पत्रावळीकडं बघतच तो म्हणाला, "त्या रात्री लाइट खरंच न्हवती रं."

"म्हाईत हाय," मी म्हटलं. "तिसऱ्या पानावर लिवलंय मी. कंदिलाच्या तेलासकट."

तो जरा थांबला. मग वाढप्याला हाक मारून म्हणाला, "ए, हिकडं मठ्ठा आण दोघास्नी."